ड्राफ्टमधला धोका: अमेरिकन फुटबॉलचे संघ जोखमीचा खेळाडू का निवडतात?

एप्रिल २०२५ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या छोट्या शहरात एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, वार्षिक ड्राफ्ट भरला होता. कोलोरॅडो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, शेडूर सँडर्स पहिल्याच दिवशी निवडला जाईल, असे अनेक जाणकारांनी आधीपासून सांगून ठेवले होते. प्रत्यक्षात पहिला दिवस संपला, दुसराही संपला, आणि तिसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत, १४३ नावे पुकारून झाल्यावर, क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने त्याला घेतले. गंमत अशी की त्याच संघाने त्याच जागेवर खेळणारा दुसरा एक खेळाडू, डिलन गॅब्रिएल, आदल्याच दिवशी तिसऱ्या फेरीत घेऊन ठेवला होता. ज्याला पहिल्या दिवशी कोणीतरी नक्की घेणार असे वाटत होते त्याला बत्तीसही संघ वारंवार का टाळतात, आणि मग त्यांतलाच एक संघ अचानक पुढे येऊन त्याला का उचलतो, हे समजून घ्यायचे असेल तर आधी ड्राफ्टची रचना पाहावी लागते.

ड्राफ्ट म्हणजे काय आणि तो लिलाव का नाही

आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये पैशाची बोली लागतच नाही. तेथे नंबर लागतो. कॉलेजमधून व्यावसायिक खेळात येऊ इच्छिणारे खेळाडू एका यादीत असतात आणि बत्तीस संघ सात फेऱ्यांमध्ये, ठरलेल्या क्रमाने, एकेक नाव उचलतात. निवडीच्या या हक्काला पिक म्हणतात. आदल्या हंगामात ज्या संघाची कामगिरी सर्वांत वाईट, त्याचा पिक पहिला आणि विजेत्या संघाचा शेवटचा. ज्या संघाने नाव घेतले त्याच्याशीच खेळाडूने करार करायचा असतो. मला दुसऱ्या शहरात खेळायचे आहे, असे म्हणण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नसते.

ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. श्रीमंत संघ चांगले खेळाडू पळवतात आणि दुबळे संघ दुबळेच राहतात, अशी त्यांची तक्रार होती. पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये झाला आणि पहिला पिक बेल यांच्याच संघाचा होता. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर हा त्या काळचा सर्वांत गाजलेला कॉलेज खेळाडू निवडला. पगारावरून बोलणी फिसकटली आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. म्हणजे या संस्थेच्या इतिहासातला अगदी पहिलाच पिक वाया गेला!

पुढच्या सगळ्या चर्चेसाठी एक नियम लक्षात ठेवावा लागेल. पिक ही संघाची मालमत्ता असते. ती दुसऱ्या संघाला देता येते, तिच्या बदल्यात खेळाडू किंवा दुसरे पिक घेता येतात आणि पुढच्या दोन-तीन वर्षांचे पिकसुद्धा आजच देऊन टाकता येतात. ड्राफ्टमधले खरे चलन हेच आहे.

इतकी तपासणी करूनही अंदाज का चुकतो

संघांकडे माहितीची कमतरता नसते. त्यांचे निरीक्षक कॉलेजच्या सामन्यांचे चित्रीकरण वर्षभर पाहतात. दरवर्षी इंडियानापोलिसमध्ये कंबाइन नावाची सामुदायिक चाचणी होते, तीत खेळाडूंची उंची, वजन, उडी आणि चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, धावण्याचा वेग मोजला जातो, संघांचे डॉक्टर सांधे तपासतात आणि मुलाखती होतात. इतके होऊनही पहिल्या फेरीतले कित्येक खेळाडू पहिल्या कराराच्या अखेरीस संघातून गेलेले असतात.

कोकणात काही व्यापारी मोहर पाहूनच आंब्याची बाग कराराने घेतात. झाडांचे वय त्यांना कळते, मोहर किती आहे हे दिसते, मागच्या वर्षीचे उत्पन्न ठाऊक असते. परंतु पुढे अवकाळी पाऊस येईल का, तुडतुडा पडेल का, हे मोहरात लिहिलेले नसते. ड्राफ्टमधला संघही असाच मोहरावर बाग घेत असतो. कॉलेजमधल्या खेळाडूने आजवर ज्यांच्यावर मात केली त्यांतले बहुतेक जण कधीच व्यावसायिक खेळाडू होणार नसतात. एनएफएलमध्ये समोर उभा असलेला प्रत्येक जण आपापल्या कॉलेजचा सर्वोत्तम असतो.

मोजता येणारे गुण फसवे ठरतात ते यामुळेच. जॉन रॉसने २०१७ च्या कंबाइनमध्ये चाळीस यार्ड ४.२२ सेकंदांत कापून तेव्हाचा विक्रम केला. सिनसिनाटी बेंगाल्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले, पण दुखापतींनी पिच्छा पुरवला आणि चार हंगामांत त्याचा जम बसला नाही. उलट २००० च्या कंबाइनमध्ये टॉम ब्रॅडी इतका संथ धावला होता की तो फारसा कोणाच्या डोळ्यांत भरला नाही. न्यू इंग्लंड पेट्रिअट्सने त्याला सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर घेतले आणि पुढे त्याने अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, सात वेळा जिंकला.

सर्वांत अवघड अंदाज क्वार्टरबॅकचा असतो. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल याच्या हातून सुरू होते. चेंडू हाती आल्यावर दोन-तीन सेकंदांत त्याला समोरची रचना वाचून तो कोणाकडे फेकायचा हे ठरवावे लागते. ही निर्णयक्षमता कोणत्याही घड्याळावर मोजता येत नाही. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग आणि रायन लीफ यांच्यापैकी पहिला कोण, यावर गंभीर वाद होता. इंडियानापोलिस कोल्ट्सने मॅनिंगला घेतले आणि तो या खेळातल्या महान क्वार्टरबॅकपैकी एक झाला. सॅन दिएगो चार्जर्सने फक्त एक पायरी वर, तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर, सरकण्यासाठी पहिल्या फेरीचे दोन पिक, दुसऱ्या फेरीचा एक आणि दोन खेळाडू मोजले आणि लीफला घेतले. लीफने सबंध कारकिर्दीत १४ टचडाउन पास, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात झेलले जाऊन गुण मिळवून देणारे पास, दिले, तर त्याचे ३६ पास प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच झेलले.

शरीराची जोखीम: गुडघा पाहावा की खेळाडू

जोखमीचा पिक म्हटले की पहिला प्रश्न दुखापतीचा असतो. नोत्र दाम विद्यापीठाचा बचावपटू जेलन स्मिथ २०१६ च्या ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या काही नावांत गणला जात होता. १ जानेवारी २०१६ रोजी, कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात, त्याच्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले आणि पायातील मज्जातंतूलाही इजा झाली. अस्थिबंध शस्त्रक्रियेने जोडता येतात. मज्जातंतू पुन्हा काम करू लागेल की नाही, हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. स्मिथला त्या वेळी पाऊल नीट उचलताही येत नव्हते. अनेक संघांनी त्याचे नाव बाजूला ठेवले. डॅलस काउबॉइजने मात्र त्याला दुसऱ्या फेरीत ३४ व्या क्रमांकावर घेतले. त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद काउबॉइजचेच संघ-डॉक्टर होते, हे येथे सांगितले पाहिजे. इतर संघ अहवाल वाचत होते, तर यांच्या माणसाने तो गुडघा आतून पाहिला होता.

हा पिक यशस्वी झाला का? पहिला हंगाम स्मिथ खेळलाच नाही. नंतर तो उभा राहिला, २०१९ मध्ये त्याची निवड प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी झाली, संघाने मोठा करार दिला आणि २०२१ च्या हंगामाच्या मध्येच त्याला सोडून दिले. माझ्या मते दुसऱ्या फेरीच्या पिकमधून काउबॉइजने पुरेसे वसूल केले. चूक झाली असेल तर ती नंतरच्या मोठ्या करारात झाली. पण याच घटनेवरून दोन जाणकार दोन टोकांची मते देतात, आणि दोन्ही मतांना आधार आहे.

फ्रँक गोरच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया कॉलेजमध्येच झाल्या होत्या. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने २००५ मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत घेतले. चेंडू घेऊन धावणाऱ्यांची कारकीर्द साधारणपणे लवकर संपते, पण गोर सोळा हंगाम खेळला आणि एकूण धावलेल्या यार्डांच्या सर्वकालीन यादीत तिसऱ्या स्थानावर पोहोचला. त्याच संघाने २०१३ मध्ये मार्कस लॅटिमोर या दुसऱ्या धावपटूवर, त्याचाही गुडघा भयंकर दुखावलेला असताना, चौथ्या फेरीचा पिक लावला. तो एकही सामना न खेळता निवृत्त झाला. संघ तोच होता आणि दुखापतही त्याच जातीची होती. मात्र दोन्ही वेळा पणाला लागलेली वस्तू लहान होती, त्यामुळे लॅटिमोर गेला म्हणून संघ कोसळला नाही.

वर्तनाची जोखीम: एकाच शब्दात कोंबलेल्या दोन गोष्टी

दुसरा प्रकार वर्तनाचा. संघांच्या भाषेत याला कॅरेक्टरचा प्रश्न म्हणतात, आणि या शब्दाचा वापर मला फार सैल वाटतो. २०१६ च्या ड्राफ्टला काही मिनिटे उरली असताना लॅरमी टन्सिलच्या समाजमाध्यम खात्यावरून, तो मुखवट्यातून गांजा ओढत असल्याची चित्रफीत कोणीतरी प्रसिद्ध केली. पहिल्या काही क्रमांकांत जाणारा हा खेळाडू घसरत १३ व्या क्रमांकावर मायामी डॉल्फिन्सकडे गेला. पुढे तो लीगमधल्या उत्तम आक्रमण-रक्षकांपैकी एक ठरला आणि २०१९ मध्ये मायामीने त्याला ह्यूस्टनला देताना पहिल्या फेरीचे दोन पिक वसूल केले. १९९८ मध्ये रँडी मॉसच्या जुन्या भानगडींमुळे वीस निवडी होईपर्यंत कोणी त्याला घेतले नाही; मिनेसोटा वायकिंग्सने २१ व्या क्रमांकावर घेतल्यावर त्याने पहिल्याच हंगामात १७ टचडाउन झेलले.

आता दुसरी बाजू. लॉरेन्स फिलिप्सवर कॉलेजात असताना आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीला मारहाण केल्याचे प्रकरण झालेले होते. तरीही सेंट लुईस रॅम्सने १९९६ मध्ये त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले आणि त्याच्यासाठी जागा करताना जेरोम बेटिस हा उत्कृष्ट धावपटू पिट्सबर्गला देऊन टाकला. फिलिप्स पुढच्याच हंगामात संघाबाहेर गेला. बेटिस पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, पोहोचला. गांजा ओढणे आणि दुसऱ्या माणसाला मारणे या दोन्ही गोष्टी एकाच खान्यात टाकणारा संघ पहिल्या प्रकारच्या खेळाडूला उगाच गमावतो आणि दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूबद्दल, मॉसही सुधारलाच की, असे स्वतःला समजावतो. शिवाय हिंसेच्या प्रकरणात जोखीम फक्त संघाच्या पिकची नसते. ती घरातल्या आणि आसपासच्या माणसांचीही असते, आणि त्यांना ड्राफ्टच्या टेबलाजवळ कोणी बोलावत नाही.

पैशाचे गणित २०११ मध्ये कसे बदलले

२०११ पूर्वी वरच्या क्रमांकाचा पिक चुकला तर संघाचे आर्थिक कंबरडेच मोडत असे. ओकलंड रेडर्सने २००७ मध्ये जामार्कस रसेलला पहिल्या क्रमांकावर घेतले; ताकदवान हात आणि अवाढव्य शरीर, पण तयारीबद्दल शंका. करारावरून तो हंगाम सुरू होईपर्यंत अडून बसला आणि शेवटी सहा वर्षांचा, सहा कोटी डॉलरांहून मोठा करार झाला. तीन हंगामांत सुरुवातीपासून खेळलेल्या २५ सामन्यांपैकी त्याने सात जिंकले आणि २०१० मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी सॅम ब्रॅडफर्डला पहिल्या क्रमांकासाठी पाच कोटी डॉलरांची हमी मिळाली. तेव्हा त्याने एकही व्यावसायिक सामना खेळलेला नव्हता.

२०११ मध्ये लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील करारात नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमांकाला बांधून टाकण्यात आले. त्या वर्षीच्या पहिल्या क्रमांकाला, कॅम न्यूटनला, चार वर्षांसाठी सुमारे २.२ कोटी डॉलर मिळाले. चुकीच्या निवडीचा आर्थिक फटका एका रात्रीत निम्म्याहून खाली आला.

संघांचा एकूण पगार-खर्च नियमाने मर्यादित असतो. स्वस्तात चांगला क्वार्टरबॅक मिळाला, तर वाचलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो. त्यामुळे चांगल्या नवोदित क्वार्टरबॅकचे मोल प्रचंड वाढले, आणि पैशातली जोखीम कमी झाल्याबरोबर संघ दुसऱ्या चलनात, म्हणजे पिकमध्ये, उधळपट्टी करू लागले.

खरी जोखीम किमतीत दडलेली असते

वॉशिंग्टनच्या संघाने २०१२ मध्ये क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी सहाव्यावरून दुसऱ्या क्रमांकावर येताना तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक आणि दुसऱ्या फेरीचा एक पिक सेंट लुईसला दिला. ग्रिफिनने पहिल्या हंगामात सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला, पण जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गुडघा गेला आणि नंतर तो पूर्वीसारखा खेळला नाही. याच वॉशिंग्टनने त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत कर्क कझिन्स हा दुसरा क्वार्टरबॅक घेऊन ठेवला होता. पुढची काही वर्षे संघ चालवला तो कझिन्सने.

फोर्टीनाइनर्सची कथा आणखी बोलकी आहे. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर येण्यासाठी त्यांनी त्या वर्षीचा आणि पुढच्या दोन वर्षांचे असे पहिल्या फेरीचे तीन पिक आणि वर तिसऱ्या फेरीचा एक मोजला. त्यातून घेतलेला क्वार्टरबॅक ट्रे लान्स कॉलेजमध्ये जेमतेम एक पूर्ण हंगाम खेळलेला होता. २०२२ मध्ये त्याचा घोटा मोडला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकच्या बदल्यात तो डॅलसला गेला. दरम्यान याच संघाने २०२२ च्या ड्राफ्टमधील अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डीला घेतले होते, आणि त्यानेच त्यांना फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत नेले.

या दोन्ही ठिकाणी सर्वांत मोठी जोखीम खेळाडूच्या गुडघ्यात किंवा अनुभवात नव्हती, ती किमतीत होती. केड मॅसी आणि पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी अनेक वर्षांच्या ड्राफ्टचा अभ्यास करून हेच दाखवले. एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना पन्नास टक्क्यांहून किंचितच जास्त आढळली. तरीही संघ एकदोन पायऱ्या वर सरकण्यासाठी पिकची रास ओततात. आजच्या पिकसाठी पुढच्या वर्षीचा पिक देताना ते जो दर मान्य करतात, त्याचे व्याज काढले तर ते वर्षाला शंभर टक्क्यांहून जास्त भरते. इतक्या व्याजाने कोणी शहाणा माणूस सावकाराकडेही जाणार नाही. सगळ्यांना येत नसलेली पारख आपल्याला येते, हा विश्वास या व्यवहारांच्या मुळाशी आहे.

शेडूर सँडर्सचा व्यवहार याच मापाने पाहावा. ब्राउन्सने त्याच्यासाठी पाचव्या आणि सहाव्या फेरीचे दोन पिक सिएटलला दिले. तो अपयशी ठरला तरी एवढ्याने संघाची घडी विस्कटत नाही.

मग मोठा डाव कधीच लावू नये का

येथे पॅट्रिक महोम्सचे नाव निघणार, आणि ते निघायलाच हवे. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने २७ व्यावरून दहाव्या क्रमांकावर येण्यासाठी त्या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक आणि वर तिसऱ्या फेरीचा एक बफेलो बिल्सला दिला. महोम्सची शैली तेव्हा अनेकांना बेशिस्त वाटत होती. त्याने संघाला तीन सुपर बोल जिंकून दिले. बफेलोनेही पुढच्या वर्षी वर सरकून सातव्या क्रमांकावर जॉश ॲलनला घेतले. कॉलेजमध्ये त्याचे शंभरातले सुमारे ५६ पासच पूर्ण होत असत, म्हणून त्याच्यावर भरपूर टीका झाली, आणि २०२४ च्या हंगामात तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या उदाहरणांवरून हिंमत करणारा जिंकतो असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण लान्सला घेतानाची हिंमतही तेवढीच होती. फरक पाहायचा तर संघाच्या स्थितीत पाहावा. चीफ्स आदल्या हंगामात बारा सामने जिंकलेला संघ होता, अँडी रीड यांच्यासारखा अनुभवी प्रशिक्षक होता आणि ॲलेक्स स्मिथ हा भरवशाचा क्वार्टरबॅक हाताशी होता. महोम्स पहिला हंगाम जवळजवळ पूर्ण बाकावर बसून शिकला. असे असूनही नशिबाचा वाटा उरतोच. फोर्टीनाइनर्सचा संघही चांगलाच होता.

अपयश नेहमी खेळाडूचेच असते का

ड्राफ्टचा क्रमच असा आहे की सर्वांत गुणी मुलगा सर्वांत मोडकळीस आलेल्या संघात जातो. २००२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतले. त्याच्यासमोरची संरक्षक फळी इतकी कच्ची होती की त्या एका हंगामात त्याला चेंडू हातात असतानाच ७६ वेळा खाली पाडण्यात आले. हा विक्रम आहे. त्या मुलात किती गुण होते, हे त्यानंतर कोणाला नीट कळणार?

फसलेल्या पिकला बस्ट म्हणतात आणि हा शिक्का दोन-तीन वर्षांतच बसतो. २०१८ चे पहिला आणि तिसरा क्रमांक, बेकर मेफिल्ड आणि सॅम डार्नोल्ड, यांच्यावर तो बसला होता. क्लीव्हलँड आणि न्यूयॉर्क जेट्स यांनी दोघांनाही सोडले आणि पुढचे संघही बदलत गेले. मग मेफिल्डने टँपा बे बकनिअर्सला २०२३ च्या हंगामात बाद फेरीत नेले, आणि डार्नोल्ड क्वार्टरबॅक असताना मिनेसोटाने २०२४ च्या नियमित हंगामात सतरापैकी चौदा सामने जिंकले. ज्या संघांनी ड्राफ्टमध्ये त्यांची मोठी किंमत मोजली होती, त्यांच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. मेफिल्डला टँपाने आणि डार्नोल्डला मिनेसोटाने प्रत्येकी एका वर्षाच्या स्वस्त करारावर, एकही पिक न देता घेतले होते.